क्रूझची कॅबिन: आधी टेप, मग फोटो

क्रूझच्या जाहिरातीत कॅबिनचा फोटो असतो, माप नसतं. फोटो बहुधा कोपऱ्यात उभं राहून, रुंद भिंगाने काढलेला. त्यात दहा बाय पंधराची खोलीही दिवाणखान्यासारखी दिसते. खान्देशातल्या वाचकांचे या वेळचे सगळे प्रश्न कॅबिनच्या निवडीबद्दल आहेत. भुसावळच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण तिथे निवड चुकली तर नुसता सहलीचा विचका होत नाही, माणूस पडतो.

चाळीसगाव: आम्ही दोघं मुंबई-गोवा अशी दोन रात्रींची क्रूझ करणार आहोत. एजंट म्हणतो, बाल्कनी नसेल तर जाऊच नका. इनसाइड, ओशन व्ह्यू, बाल्कनी, स्वीट यांत नेमका फरक काय?

दोन रात्रींसाठी, त्यातही या मार्गावर, बाल्कनीचे जादा पैसे आमच्या मते वाया जातात.

इनसाइड म्हणजे खिडकी नसलेली खोली. दिवे मालवले की भर दुपारी मिट्ट काळोख. काहींना त्यात छान झोप लागते, काहींचा जीव घुसमटतो. ओशन व्ह्यूला काचेची खिडकी असते, पण ती उघडत नाही. बाल्कनीला सरकतं दार आणि बाहेर दोन खुर्च्या मावतील एवढी जागा. स्वीटमध्ये बसायला वेगळी जागा आणि मोठी न्हाणी असते, शिवाय बऱ्याच कंपन्या चढता-उतरताना रांगेत पुढे घेतात. आजच्या मोठ्या जहाजांवर इनसाइड कॅबिन न्हाणी धरून साधारण १४० ते १८० चौरस फूट भरते. बाल्कनीची कॅबिन १८० ते २०० च्या आसपास आणि बाहेरची बाल्कनी आणखी ४०-५०. जुन्या जहाजांवर याहून कमी. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीने २०२१ मध्ये मुंबईहून सुरू केलेलं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं आहे, आणि त्या काळी जहाजांना बाल्कन्या मोजक्याच ठेवत.

गोव्याकडे जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला असतं, म्हणून सूर्यास्त उजव्या बाजूला, म्हणजे स्टारबोर्डला. परतताना तो डावीकडे, पोर्ट बाजूला. म्हणजे एका बाजूची बाल्कनी घेतली तर निम्मी संध्याकाळ हुकतेच. वरच्या मोकळ्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यावर, दोन्ही वेळचा सूर्यास्त तिकिटातच येतो. रात्री बाल्कनीतून काळ्या पाण्याखेरीज काही दिसत नाही. खिडकीशिवाय राहवत नसेल तर ओशन व्ह्यूवर थांबा. फक्त कागदावर ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर खिडकीसमोर बहुधा लाइफबोट टांगलेली असते. पुढेमागे नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्यांत, किंवा अलास्काला सात रात्रींसाठी जाल, तेव्हा बाल्कनी जरूर घ्या. तिथे डोंगर आणि हिमनद्या बाल्कनीतून बघता येतात.

अमळनेर: आईला कन्नड घाटात एसटी लागते, चाळीसगावपासूनच पिशवी हातात धरून बसते. तिला बोट लागणार नाही अशी कॅबिन असते का?

अजिबात लागणार नाही अशी हमी कुणी देऊ शकत नाही, पण कमीत कमी लागेल अशी जागा नक्की सांगता येते: जहाजाच्या लांबीच्या मधोमध आणि प्रवाशांच्या डेकपैकी खालचा एखादा.

एसटीच्या मागच्या सीटवर आदळआपट जास्त आणि मधल्या सीटवर कमी, तसंच इथे. लाट समोरून आली की जहाज पुढून उचललं जातं आणि मागून बसतं. अशा वेळी टोकाच्या कॅबिन सगळ्यात जास्त वर-खाली होतात, मधली जवळपास जागेवर राहते. लाट बाजूने आली की जहाज डोलतं, आणि जितकं उंच जाल तितका झोका मोठा. म्हणजे सर्वांत वरच्या डेकवर, अगदी पुढच्या टोकाला असलेली बाल्कनी भाव खाते आणि हलतेही तीच सगळ्यात जास्त. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही अंगांना पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. ते डोलणं बरंच कमी करतात. पुढे-मागे होणारी खाली-वर मात्र त्यांनी फारशी थांबत नाही.

आईंसाठी इनसाइड नको. क्षितिजाची रेषा दिसली की मळमळ कमी होते, म्हणून मधली, खालच्या डेकवरची ओशन व्ह्यू घ्या. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, ते महिने टाळा. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी लागते. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काचबिंदू असेल किंवा झोपेची, रक्तदाबाची औषधं चालू असतील तर ते डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि काही गोळ्या काचबिंदूला चालत नाहीत. रिकाम्या पोटी चढू नका. मुरमुरे, कोरडी पोळी जवळ असू द्या.

भुसावळ: वडील ७२ वर्षांचे. पक्षाघातानंतर डावी बाजू कमजोर झाली आहे. काठी धरून आठ-दहा पावलं चालतात, बाकी व्हीलचेअर. एजंट म्हणतो, “हँडिकॅप रूम मिळून जाईल, काळजी नको.” काय काय तपासावं? बंदरावर उतरता येईल का? लक्षद्वीप आणि सिंगापूर, दोन्हींचा विचार चालू आहे.

“मिळून जाईल” या शब्दांवर एक रुपयाही भरू नका. सुगम कॅबिन, म्हणजे कंपन्यांच्या भाषेत ‘अ‍ॅक्सेसिबल’, बहुधा दोन प्रकारच्या असतात. एक पूर्ण व्हीलचेअरवर असणाऱ्यांसाठी, दुसरी थोडं चालू शकणाऱ्यांसाठी. दुसऱ्या प्रकारात न्हाणीत धरायला दांड्या मिळतात, पण दारं आणि फिरायची जागा अपुरी असू शकते. एजंटच्या तोंडी दोन्ही ‘हँडिकॅप रूम’च. वडील आज आठ पावलं चालतात, पण हलत्या जहाजावर, थकल्यावर, रात्री तीन वाजता ती आठ पावलं धरू नका. पहिला प्रकारच मागा.

आता टेप घ्या. व्हीलचेअर उघडून, हाताने फिरवायच्या कड्यांच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. नेहमीची घडीची व्हीलचेअर साधारण २४ ते २७ इंच भरते, आणि वडील स्वतः चाकं फिरवणार असतील तर बोटांसाठी दोन्हीकडे मिळून आणखी दोन-तीन इंच लागतात. साध्या कॅबिनचं दार मात्र बहुधा २२-२३ इंचांचंच असतं. खुर्ची घडी घालून आत जाईल, पण माणसाला दारातच उतरावं लागेल. त्याहून वाईट म्हणजे साध्या कॅबिनच्या न्हाणीला पाणी बाहेर येऊ नये म्हणून काही इंचांचा उंबरठा असतो. पक्षाघाताचा पाय नीट उचलला जात नाही, तो नेमका तिथेच अडकतो. घरात आपण उंबरठ्याला सरावलेले असतो. हा उंबरठा जहाजाबरोबर हलतो.

पूर्ण सुगम कॅबिनच्या दारातून निदान ३२ इंच मोकळी वाट मिळायला हवी, कॅबिनच्या आणि न्हाणीच्या, दोन्ही दारांतून. आत व्हीलचेअर जागच्या जागी वळवायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं हवं. न्हाणीची फरशी बाहेरच्या फरशीला सपाट, शॉवरमध्ये भिंतीला जोडलेली घडीची बैठक, हातात घेता येईल असा शॉवर. घरून प्लॅस्टिकचं स्टूल नेऊ नका, ओल्या फरशीवर जहाज डोललं की ते सरकतं. कमोडची उंची १७ ते १९ इंच असावी. पलंगाची उंची आणि व्हीलचेअरच्या बैठकीची उंची यांत जितका कमी फरक, तितकं एकावरून दुसऱ्यावर सरकणं सोपं. बऱ्याच जहाजांवर गादी खुर्चीहून चार-पाच इंच उंच निघते, म्हणून हा आकडा आवर्जून विचारा. पलंगाच्या निदान एका बाजूला तीन फूट वाट हवी.

तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुतेक जण विचारायलाच विसरतात: दांडी कुठल्या बाजूला आहे? वडिलांचा उजवा हात चांगला आहे. म्हणजे कमोडवर बसल्यावर भिंत आणि दांडी त्यांच्या उजव्या हाताला यायला हवी, आणि पलंगावर जायची वाटही अशी हवी की खुर्ची लावल्यावर पलंग त्यांच्या चांगल्या बाजूला येईल. दांडी डावीकडे असेल तर ती असून नसल्यासारखी. जहाजाच्या दोन बाजूंच्या कॅबिन पुष्कळदा आरशातल्यासारख्या उलट असतात, त्यामुळे एका बाजूची चालत नसेल तर समोरच्या बाजूची चालू शकते. न्हाणीचा नकाशा किंवा साधे फोटो मागवा. कंपन्यांच्या विशेष गरजा बघणाऱ्या विभागाकडून ते मिळतात. बाल्कनी घेणार असाल तर तिच्या दाराच्या उंबरठ्याला उतार आहे का, तेही विचारा.

कॅबिन लिफ्टपासून फार लांब नको. मोठी जहाजं तीनशे मीटर लांब असतात आणि सकाळी बोळात सफाईच्या ढकलगाड्या उभ्या असतात, तिथून खुर्ची काढताना ओढणाऱ्याचा घाम निघतो.

हे सगळं विचारून झालं की कॅबिनचा क्रमांक ई-मेलवर लेखी घ्या. नुसता ‘अ‍ॅक्सेसिबल’ हा शब्द पुरत नाही. अशा कॅबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात आणि लवकर जातात. आरक्षणानंतर कंपनी विशेष गरजांचा फॉर्म भरून घेते. तो राहिला तर कॅबिन दुसऱ्याला जाऊ शकते. ऐसपैस मिळते म्हणून धडधाकट कुटुंबं या कॅबिन अडवतात, ते आम्हाला मुळीच पटत नाही. व्हीलचेअर स्वतःचीच न्या. जहाजावरच्या खुर्च्या साधारणपणे चढण्या-उतरण्यासाठी आणि अडीअडचणीसाठी असतात, दिवसभर वापरायला मिळत नाहीत.

उतरण्याबद्दल. जहाज धक्क्याला लागलं तर शिडीवजा पुलावरून, म्हणजे गँगवेवरून, खुर्ची उतरते. त्याचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, कधी थोडं थांबावं लागतं. जहाज समुद्रातच नांगर टाकून उभं राहिलं तर लहान बोटींनी न्यावं लागतं. त्याला टेंडर म्हणतात. हलत्या जहाजातून हलत्या बोटीत पाऊल टाकणं वडिलांना सुरक्षित नाही, आणि कित्येक कंपन्या अशा वेळी खुर्चीवरच्या प्रवाशाला नेतच नाहीत. लक्षद्वीपला लहान बोटींनीच जावं लागतं. ती सहल घेतली तर वडील जहाजावरच राहतील असं धरून चाला. मग तिचा आग्रह कशाला? सिंगापूरहून निघणाऱ्या फेऱ्यांत पेनांगला जहाज धक्क्याला लागतं, फुकेतला मात्र पुष्कळ जहाजं पाटोंगसमोर नांगर टाकतात. मार्गातल्या प्रत्येक बंदरापुढे ‘धक्का’ की ‘टेंडर’ हे एजंटकडून लिहून घ्या. जास्त धक्के असलेली फेरी निवडा.

निघण्यापूर्वी सगळ्या प्रवाशांना आणीबाणीत कुठे जमायचं ते दाखवतात. आग किंवा तशी वेळ आली तर लिफ्ट वापरता येत नाही. चालता न येणाऱ्यांना जिन्यावरून खुर्चीत बसवून नेण्यासाठी कर्मचारी नेमलेले असतात, पण वडील कुठल्या कॅबिनमध्ये आहेत हे त्यांच्या यादीत असलं तरच. जहाजावर पाऊल ठेवल्यावर स्वागतकक्षात पहिलं काम हेच करा.

मुंबईहून निघणार असाल तर बॅलार्ड पिअरचं टर्मिनल सीएसएमटीपासून टॅक्सीने काही मिनिटांवर आहे. तरीही भुसावळहून रात्रीच्या गाडीने सकाळी उतरून दुपारी जहाज धरण्याचा बेत करू नका. चढणं सुटायच्या तास-दीड तास आधीच बंद होतं, जहाज उशिरा आलेल्यांसाठी थांबत नाही, आणि वडिलांना मध्ये एक रात्र पाठ टेकायला मिळायला हवी. आदल्या दिवशी पोहोचा.

शिरपूर: इलेक्ट्रिक स्कूटर किंवा बॅटरीची व्हीलचेअर कॅबिनबाहेर बोळात लावली तर चालेल का?

नाही. बोळ हा आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग असतो, तिथे उभी केलेली गाडी उचलून नेतात. ती कॅबिनमध्येच ठेवायची आणि तिथेच चार्ज करायची, म्हणजे दाराची रुंदी इथेही आलीच. गाडीचं वजन, लांबी-रुंदी आणि बॅटरीचा प्रकार आधी कळवा; आम्ल सांडू शकेल अशी ओली बॅटरी बहुधा चालत नाही. जहाजावरच्या सॉकेटमध्ये आपली तीन जाड पिनांची प्लग बसेलच असं नाही. चार्जरवर ११० आणि २२० दोन्ही व्होल्टेज लिहिलेत का बघा आणि अ‍ॅडॅप्टर ठेवा. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून बचाव करणारा भाग, असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका. जहाजाच्या वीजजोडणीची रचना घरच्यापेक्षा वेगळी असते, तिच्यावर तो तापून पेटू शकतो, म्हणून चढतानाच काढून घेतात. वायर हवी असेल तर जहाजाकडूनच मागा.

नंदुरबार: ‘गॅरंटी कॅबिन’ सगळ्यात स्वस्त दिसते. गॅरंटी कशाची?

फक्त प्रकाराची. इनसाइडचे पैसे भरले तर इनसाइड किंवा त्याहून वरची मिळेल. क्रमांक मात्र कंपनी शेवटी ठरवते आणि तो बदलून मिळत नाही. अमळनेर आणि भुसावळच्या वाचकांनी हिच्या वाटेला जाऊ नये. तरुण, गाढ झोपेची, कुठेही पडली तरी घोरणारी मंडळी असतील तर पैसे वाचवायला ही उत्तम.

स्वतः क्रमांक निवडणार असाल तर डेक प्लॅनवर तीन मजले एकदम बघा: आपला, त्याच्या वरचा आणि खालचा. वर-खाली दोन्हीकडे कॅबिनच असतील तर शांतता. वर स्विमिंग पूलचा डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. वर स्वयंपाकघर असेल तर ढकलगाड्या, खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री बारापर्यंत ढोल. खालच्या डेकवर अगदी पुढे नांगराची साखळी आणि धक्क्याला लागताना जहाज बाजूला सरकवायला फिरणारे पंखे, म्हणजे थ्रस्टर, त्यांनी पहाटे सगळा पलंग थरथरतो. नकाशावर कोरी पांढरी जागा दिसली तर ती बहुधा कर्मचाऱ्यांच्या कामाची असते, तिच्याशेजारी नको. आणि दोन कॅबिनच्या मधे कनेक्टिंग दार असेल तर शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं.

धुळे: आजी-आजोबा, आम्ही दोघं, मुलं नऊ आणि पाच वर्षांची. चौघांची एक कॅबिन आणि आजी-आजोबांची एक, असं करावं का?

चौघांच्या कॅबिनमध्ये दोन बर्थ छतातून किंवा भिंतीतून खाली उतरतात, वर जायला शिडी. खोली तेवढीच, न्हाणी एकच, आणि रात्री शिडी लावली की चालायला वाट उरत नाही. त्यापेक्षा तिघं-तिघं करा, नऊ वर्षांचं मूल आजी-आजोबांकडे, आणि दोन ‘कनेक्टिंग’ कॅबिन मागा. ‘अ‍ॅडजेसंट’ म्हणजे नुसत्या शेजारच्या, त्यांच्यात आतून दार नसतं. एजंट हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तिसरी बर्थ असूनही “तिघं घेता येणार नाहीत” असं उत्तर आलं तर वाद घालू नका, त्या भागातल्या लाइफबोटींची माणसांची मर्यादा भरलेली असू शकते. पाच वर्षांच्या मुलाला वरची बर्थ देऊ नका. बाल्कनी घेतलीत तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा, मूल खुर्चीवर चढलं की कठड्याची उंची संपते. बॅगा पलंगाखाली सरकतात. भिंती बहुधा पोलादी असल्याने चुंबकाचे हुक चिकटतात; सहा जणांचे ओले टॉवेल त्यांवरच टांगावे लागतील, चार-सहा घेऊन जा.

चोपडा: मला ऐकू येत नाही. एकटीने गेले तर आणीबाणीचा भोंगा कसा कळणार?

त्यासाठी वेगळी कॅबिन लागत नाही. मोठ्या कंपन्या कोणत्याही साध्या कॅबिनमध्ये एक संच बसवून देतात: दार वाजलं की दिवा लुकलुकतो, धोक्याच्या इशाऱ्याला झगझगीत प्रकाश पडतो, उशीखालची तबकडी थरथरते. संच मोजके असतात, म्हणून आरक्षण करतानाच मागा आणि पहिल्या संध्याकाळी कर्मचाऱ्याकडून प्रत्यक्ष चालवून बघा. एकट्याने जाताना भाडं मात्र पुष्कळदा दोघांचं, म्हणजे दुप्पट पडतं. भावाची चौकशी करताना ‘एकासाठी एकूण किती’ असंच विचारा.

शहादा: यजमानांना झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं सीपॅप मशीन लागतं, मला इन्सुलिन. कॅबिन निवडताना याचा काही संबंध?

आहे. पलंगाजवळ सॉकेट आहे का ते विचारा. जुन्या जहाजांवर ते फक्त टेबलापाशी असतं, मग वायर मागावी लागते. मशीनसाठी डिस्टिल्ड वॉटर हवं तेही आधी कळवा. कॅबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता थंडावा देणारा असतो, २ ते ८ अंश राखेलच असं नाही. औषधासाठी वेगळा फ्रिज आणि वापरलेल्या सुया टाकायचा डबा, दोन्ही मागितल्यावर मिळतात. मशीन आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावर द्याव्या लागतात आणि त्या कॅबिनच्या दारात कधीकधी संध्याकाळी उशिरा पोहोचतात.

रावेर: कॅबिनमध्ये सकाळी दिवा-अगरबत्ती लावता येईल का? आणि घरची केळी नेली तर?

दिवा, अगरबत्ती, धूप, मेणबत्ती काहीच लावता येत नाही. भर समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, आणि कॅबिनमधला धूरशोधक अगरबत्तीनेही वाजू शकतो. पूजा फुला-अक्षतांची करा. इस्त्री आणि पाणी उकळायची कॉइलही नेऊ नका. केळ्यांचं म्हणाल तर चढताना कंपनीचा नियम विचारून घ्या, आणि जहाजावरून परदेशी बंदरात उतरताना पिशवीत एकही केळं ठेवू नका. बऱ्याच देशांत ताजी फळं आत नेण्यावर बंदी आहे आणि दंड होतो. बिबड्या, पापड, कोरडी चटणी असं सीलबंद असेल तर अडचण सहसा येत नाही, पण तेही जमिनीवर न उतरवता कॅबिनमध्येच ठेवा.